प्रूफ

शारजाच्या विमानाला अजून दीड तास.
इंदूरच्या विमानतळावर काचेपलीकडची मुलगी म्हणते,
“काका, चारों उँगलियाँ. ज़ोर से.”
मी दाबतो. हिरवा उजेड बोटांखालून सरकतो,
थांबतो, लाल होतो.
ती ओला कागद देते. पुसतो.
पुन्हा लाल.

कसं सांगू तिला, ही बोटं चाळीस वर्षं ट्रेमध्ये होती.
डेव्हलपर, पाणी, हायपो, पुन्हा पाणी,
रामबागेत, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत.
चिमटा होता, पण चिमट्याला कागदाची नस कळत नाही.
कातडी आधी सोलली, मग गुळगुळीत झाली.
रेषा तिथेच राहिल्या असतील,
लोकांच्या चेहऱ्यांच्या मागच्या बाजूला.

“अच्छा, कैमरे में देखिए. ठोड़ी ऊपर. हँसना नहीं.”

हनुवटी वर. हसू नका.
माझीच वाक्यं, मलाच खुर्चीत बसवून.

किती जणांना म्हटलं असेन!
खुंटीवर एकच कोट, बाह्या सगळ्यांनाच लांब.
आठ प्रती निघायच्या, लोक चार न्यायचे,
उरलेल्या बिस्किटाच्या डब्यात, मागे पेन्सिलीने नंबर.
आणि दहा-बारा वर्षांनी कुणीतरी पायरीवर उभं राहायचं:
“हा मोठा करून द्याल? दुसरा नाहीये.”
करून द्यायचो. दाण्यादाण्यांतून कपाळ वर यायचं.
मिलमधल्या पारख्यांची मुलगी म्हणाली होती,
“बाबा यात रागावलेले दिसतात.
ते असे नव्हते हो.”
मी काय बोलणार?
हिशेब केला, बारा रुपये परत दिले.

मशीन माझे डोळे शोधतंय.
एकात मोतीबिंदूनंतरचं भिंग आहे, बहुतेक तेच चकाकतं.
मुलीचा डावा खांदा जरासा खाली आहे,
सांगावंसं वाटलं. जुनी खोड.
नाही सांगितलं.

मग साहेब आले. दोघं माझ्याबद्दल बोलले,
पण पडद्याकडे बघत.
“मैच हो गया.”
शिक्का.
कुणाशी जुळलो, ते नाही सांगितलं.
माझ्याशीच, असं धरून चालू.

पासपोर्ट उचलता उचलता विचारलं,
“बेटा, दिखाओगी? कैसा आया?”
“अलाउड नहीं है, काका.” आणि ती हसली,
तिला तिथे हसायची मुभा होती.

माझ्या दुकानात आधी प्रूफ दाखवायचो.
डोळे मिटले असतील तर दुसरा काढायचो,
पैसे न घेता.

तसं काही फार नव्हतं.
तो क्लिक झाला तेव्हा मी ओठ जरा हलवले होते,
शारजात सुमेधा आहे, तिला कधी लागलाच तर म्हणून.
आलं की नाही,
तेवढंच बघायचं होतं.