नऊ नंबरचं बटण

उजवं मनगट मार्चमध्येच कुरकुरलं होतं,
मी ऐकलं जूनमध्ये,
पत्रिकांचा सीझन आटोपल्यावर.
डॉक्टर म्हणाले, माऊस बदला, नाहीतर धंदा.
धंदा म्हणजे खासबागेतला हा दहा बाय आठचा गाळा,
मराठी-कन्नड टायपिंग, लॅमिनेशन, पत्रिका.
म्हणून माऊस.

कुरियरनं आला, वापरलेला,
कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातला.
पोटात लाल गोळा, दोन्ही कडांना दोन-दोन बटणं.
हा पळत नाही. बसल्या जागी राहतो,
बोटांनी गोळा फिरवायचा, बाण तिकडं पडद्यावर हिंडतो.

माझ्याकडं लिनक्स. रुद्रगौडानं घालून दिलेलं,
पैसे लागत नाहीत म्हणून.
पैसे लागत नाहीत, पण सगळं सांगावं लागतं,
कांड्या भरायला नव्यानं आलेल्या पोराला सांगावं तसं.

टर्मिनलला विचारलं, कोण कोण जोडलंय?
यादी आली. कीबोर्ड, पॉवरचं बटण,
पुन्हा कीबोर्ड, का ते देव जाणे,
आणि अकरा नंबरला हा.
एकेक बटण दाबून बघितलं.
एक.
तीन.
मग एकदम आठ. नऊ.
मधले कुठं गेले?
फोनवर रुद्रगौडा हसला:
ते चाकाचे गं. ह्याला चाक नाही,
तरी त्यांचे नंबर धरून ठेवलेत.
न आलेल्या पाहुण्यांची पानं पंगतीत तशीच मांडलेली.

एक आणि तीनची अदलाबदल केली, डाव्या हातासाठी.
आठ दाबून गोळा फिरवला की पान सरकावं.
नऊवर बराच वेळ अडले.

अप्पा उंबऱ्यात बसून होते,
वडगावात चाळीस वर्षं मागावर काढलेले.
काय करालीस गं मघापासून?
बटणांना कामं वाटून देतेय.
हं, म्हणाले. पावड्यांचं पण तसंच.
कुठली कधी दाबायची ते पायाला कळायला पाहिजे,
डोक्याला कळून काय उपयोग.

रात्री सगळं जमलं.
सकाळी गाळा झाडताना वायर निघाली,
दुसऱ्या भोकात खुपसली,
आणि हा सगळं विसरून बसला.
अकराचा तेरा झाला होता.
नंबर लिहिलास होय? रुद्रगौडा ओरडला.
नंबर रोज बदलतो. नाव लिही त्याचं, नावानं हाक मार.

नाव लिहिलं. पूर्ण, कंपनीसकट,
मधल्या मोकळ्या जागेसकट.
एक अवतरण मिटायचं राहिलं
आणि पडदाच उठेना.
काळ्यावर पांढरी एक रेघ लुकलुकत राहिली,
आणि नेमके तेव्हाच हत्तरगीचे मल्लसर्ज
पोराच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला दारात.
मुलगी खानापूरची.
एक बाजू मराठी, एक बाजू कन्नड,
गणपती दोन्हीकडं सारखा.
चहा मागवला. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं.
मी डाव्या हातानं, त्या काळ्यात,
एक टिंबाएवढं चिन्ह शोधत होते.
सापडलं. मिटवलं.

मग पडदा आला, बाण आला.
एक तीनसारखं वागलं, तीन एकसारखं,
आठ धरलं तर पत्रिका खाली सरकली
कार्यस्थळापर्यंत.
इथं गावाचं नाव, मल्लसर्ज म्हणाले,
ह्या बाजूला तुमच्यासारखं लिवा,
त्या बाजूला आमच्यासारखं.
बेळगाव, टाइप केलं.
नऊ दाबलं.
कीबोर्डवर काहीच हललं नाही, कोपऱ्यातली दोन अक्षरं फक्त बदलली,
आणि त्याच बोटांखालून
गोल, वळणदार, डोक्यावर तलकट्टू घेतलेलं
बेळगावी उतरलं.

अप्पांनी मान लांब करून बघितलं.
मोठं कर थोडं, म्हणाले, दिसत नाही.
मोठं करायला गेले तर बाण सुसाट
पत्रिकेबाहेर.
वेग जास्त आहे अजून.
उद्या कमी करते.