वजाबाकी

मंगळवारी दवाखान्याच्या काट्यावर तू उघडी,
पाठीखाली कागद चुरचुरतो.
सहा किलो सातशे चाळीस.
मागच्या खेपेला सातशे दहा.
डॉक्टर एव्रिदिकी आलेखावर ठिपका देते
सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली
आणि पेनाला टोपण लावायला
जरा जास्तच वेळ घेते.

तीस ग्रॅम.
घरी येऊन मी तीस ग्रॅम तोलून पाहिले:
आठ ऑलिव्ह, बियांसकट.
पंधरा दिवसांत
तू आठ ऑलिव्ह वाढलीस.

बाप्तिस्मा ईस्टरनंतर. तोवर तुला नाव नाही,
गावभर नुसती ‘बेबा’.
मिर्सिनी ठरलंय, पण अजून कुणी उच्चारत नाही.
त्यामुळे रात्री तुला हाक मारायला जावं
तर तोंडात आकडा येतो.

बेकरीवाली फोतिनी म्हणते, तुझं दूधच पाणचट.
पोस्टातला इग्नातिस म्हणतो, मीही अशीच काडी होतो,
आणि पोट पुढे काढून दाखवतो.
मी हसते. घरी आल्यावर
डोळ्यांत तेल घालून तुझ्या मांड्या बघत बसते,
कुठे एखादी वळी पडतेय का.

डॉक्टर म्हणाली, भाजी वाटून झाली की वरून कच्चं तेल.
एक चमचा. चमचा म्हणजे चमचा, थेंब नव्हे.

तेलाला काय तोटा या बेटावर?
तुझा बाप घाण्यावर पोती तोलतो.
नोव्हेंबर लागला की साऱ्या डोंगराची ऑलिव्ह
त्याच्या हातून काट्यावर चढतात,
पावकिलोवरून सख्खे भाऊ भांडतात त्याच्यासमोर.
दवाखान्यात मात्र तो काट्याकडे पाठ करून उभा राहतो,
भिंतीवरचं लसींचं वेळापत्रक वाचत.

त्या संध्याकाळी त्याने पाण्याच्या बाटलीतून आणलं,
गढूळ, हिरवं, अजून कोमट.
गाजर, बटाटा, झुकिनी, वर ते तेल.
तू पहिला घास त्याच्या स्वेटरवर परत केलास.
दुसरा गिळलास, बहुधा चुकून.
तेल घशाला तिखट लागलं असावं,
खोकलीस, आमच्याकडे रागाने पाहिलंस
आणि तोंड उघडलंस.

तरीही पहाटे तो गेला की
मी न्हाणीघरातल्या काट्यावर चढायची.
आधी तुला घेऊन.
मग तुला टॉवेलवर ठेवून, एकटी.
विजेच्या बिलामागे वजाबाकी मांडायची.
तो काटा शंभर ग्रॅमच्या खाली बोलतच नाही,
मला ठाऊक होतं. तरी रोज.

बिल भरायला म्हणून स्त्रातिसने ते उलटलं.
बाकीकडे त्याने पाहिलंही नाही.
खालच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेला,
अठ्ठावन्न, सत्तावन्न, पंचावन्न, साडेत्रेपन्न.
‘ही कोण?’

मी म्हटलं, ती नुसती वजा करायची असते.

तो बराच वेळ बिलाची घडी घालत राहिला.
‘घाण्यावर आम्ही रिकामं पोतंही तोलतो,’ म्हणाला,
‘आणि लिहून ठेवतो.’

पोतं म्हणालास मला, असं काहीतरी मी बोलले.
तो उठला, जाड पाव कापला,
वर तेल ओतलं, ओतत राहिला,
ताटलीत तळं झालं. मीठ चिमटीभर.
किती दिवसांनी मी बसून खाल्लं.
हनुवटीवरून ओघळ, कोपरापर्यंत.
तू मांडीवरून हात घातलास,
कडेचा तुकडा ओढून घेतलास
आणि दात नसलेल्या हिरड्यांनी
एखाद्या म्हातारीसारखा चघळत बसलीस.

तुझं वहीपुस्तक टेबलावर उघडंच होतं.
तेलाचा डाग नेमका आलेखावर पडला.
मी पुसायला गेले, तो आणखी पसरला,
आणि तिथे कागद काचेसारखा झाला.
पलीकडचं पान दिसू लागलं,
दुसऱ्या वर्षाचं,
नुसत्या चौकटी, एकही ठिपका नाही.

आज गुरुवार.
बाटलीत अजून चार बोटं तेल आहे.