सत्तावीस खड्डे

मी फरशी बसवतो.
आंभोरखारीत कोणाच्या घरी कुठं पोकळ वाजते
हे मला टाचेनंच कळते.

दाराच्या उजव्या अंगाला, खिडकीच्या उजेडात,
गुडघाभर खोल, दीड हात रुंद.
तिथं माग होता.
आता मुरूम भरला, गिट्टी भरली, वर कोबा,
त्यावर आरसा मारणारी पांढरी टाइल.
तरी दुसऱ्या पावसाळ्यात ती जागा
बोटभर खाली बसतेच,
आणि मला फोन येतो : "तुही फरशी दबली न बापा."
माझी नाही, मावशी.
तुमच्या सासऱ्याचे पाय आहेत ते.

ग्रामपंचायतीला वेशीवर पाटी लावायची आहे.
सचिव म्हणाले, गावाचा इतिहास लिहून आण. तीन ओळी.
रंग महाग झाला.

तीन ओळीत कसा मावेल
झिबल निपाण्याचा पणजा,
जो म्हणे तलावाच्या पाण्यासाठी इथं थांबला?
या पाण्यात धुतला की कोसा मधासारखा दिसतो,
दुसऱ्या पाण्यात नुसता पिवळा.
(ढिवरांचंही नाव टाका पाटीवर.
ऐनाच्या झाडाखाली रात्र रात्र जागून
पाखरं हाकलली त्यांनी,
आणि कोसे शेकड्यानं मोजून दिले, वरून चार.)

परवा रस्त्याचा इंजिनीयर आला,
म्हणाला, एवढ्याशा गावात गल्ल्या इतक्या सरळ कशा?
ताणा वळत नाही, साहेब.
पहाटे गल्लीभर सूत ताणून पाजण चालायची,
कुंच्यातून खळीचे थेंब,
शाळेची पोरं खालून वाकून जायची.
वरून उडी मारली त्याच्या
सात पिढ्या उद्धरल्या जायच्या, जागेवरच.

लढाईत सूत कार्डावर आलं.
चिंधू बारापात्रेनं बायकोचं लग्नाचं लुगडं उसवलं,
कांड्या भरल्या,
त्याचे चार पंचे विणून अड्याळच्या बाजारात विकले.
बायको सहा महिने बोलली नाही.
पंचे चांगले होते, असं मात्र तीच सांगायची.

मग सोसायटी. मग जनता साडी :
एक रंग, एक काठ, माल सरकार उचलणार.
रजिस्टरात सत्तावीस माग, सत्तावीस अंगठे.
जिल्ह्यातल्या बाया पाठमोऱ्या एकसारख्या दिसू लागल्या,
बाजारात लेकरं भलतीचाच पदर धरायची.
एका वर्षी ट्रक आला नाही.
पुढच्या वर्षीही नाही.
गोदामात साड्यांच्या घड्यांवर
उंदरीण बाळंत झाली.

रेवाराम हेडाऊ सुरतेला गेला.
एकटा बारा माग सांभाळतो म्हणे, विजेचे.
दिवाळीला येतो तेव्हा फार मोठ्यानं बोलतो,
आपण बोललेलं त्याला
दुसऱ्यांदा सांगावं लागते.

सव्वीस खड्डे मीच बुजवले.
एकात शिंगाचा धोटा सापडला, एकात भोकाचा पैसा,
एकात काहीच नाही, नुसती गार हवा.

सत्ताविसावा दुर्पताबाई निमजेचा.
लेकानं पुण्याहून टाइलचे पैसे पाठवले.
मी घमेलं उचललं, तर म्हणाली,
"बुजवू नोको. माहे टोंगळे वाकत नाही.
पाय सोडून बसाले घरात एवढीच जागा हाये."

मग खड्डा ठेवला, भोवतीनं टाइल कापली.
कटर जुना. कडेला दाते पडले.
ती वाकली, त्यावरून बोट फिरवलं,
तीन धोट्यांवर करवती विणलेलं बोट.
"दात एकसारखे नाहीत. उसव."
म्हटलं, आजी, टाइल उसवत नाही.
"मंग कायचं काम हे?
चुकलं तं सोडता येत नाही."

टीव्हीवर मालिका लागली.
ती काठावर बसली, पाय आत सोडले.
मी हात धुता धुता पाहिलं :
वर चेहरा मालिकेत,
खाली, अंधारात, नसलेल्या पावड्यांवर
एकदा डावा, एकदा उजवा.