हवा कुठून येते

डिंपलची यादी आली तेव्हा मी
जामनेर रोडला एका पतसंस्थेच्या गच्चीवर
कुलरच्या पोटात डोकं घालून बसलो होतो.
पंप जळालेला, गवताची जाळी क्षारानं पांढरी,
बोट लावलं की पापडासारखी तुटायची.
मोबाईल शर्टाला पुसून पाहिलं:
प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम,
ओळीला एक नाव अन् पुढं आकडा,
किराण्याच्या यादीसारखं.
फक्त किराण्यात इतकी शून्यं नसतात.
बेरीज एकावन्न हजार.
जवळ बेचाळीस.

बेचाळीस तिचे आहेत, हे आधीच सांगतो.
दोन हंगाम सावद्याच्या व्यापाऱ्याकडे
केळीच्या गाड्यांच्या पावत्या टाईप केल्या तिनं,
वजन, कटती, भाडं,
वजन, कटती, भाडं.
आई म्हणाली, एवढ्यात वॉशिंग मशीन येईल.
डिंपल म्हणाली, हो, येईल.
अन् यादी माझ्याकडं सरकवली.

रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या
(मे महिन्यात भुसावळात खाली कोण झोपतं)
अन् पंपाच्या रिकाम्या खोक्यावर कागद ठेवून
आम्ही काटछाटीला बसलो.
कॅबिनेट. पुढून अख्खी काच, आत रंगीत दिवे, साडेपाच हजार.
मी विचारलं, हवा कुठून येते?
पप्पा, हा कुलर नाही.
गरम होतो ना?
होतो.
मग कुलरच आहे.
ती बराच वेळ पेनाचं टोपण चावत राहिली.
मग काच खोडली, जाळीचं लिहिलं.
अडीच हजार वाचले.

वाचलेले दहा मिनिटंच टिकले.
पॉवर सप्लाय तिनं बाराशेचा लिहिला होता.
इथं मात्र मी हटून बसलो.
आमच्या गल्लीत संध्याकाळी ट्यूब लुकलुकते
अन् पहाटे चारला बल्ब फुटतो.
स्वस्तात घेतलेल्या मोटारींची तेरवी घालण्यात
माझी तीस वर्षं गेलीत.
चार हजारांचा लिही, म्हटलं.
लिहिला. न बोलता.

मग उरलं ते ग्राफिक्स कार्ड, नवं एकोणीस हजारांचं,
त्याच्याकडे पाहून दोघंही गप्प.
खाली मालगाडी रुळ बदलत होती,
ती संपेपर्यंत.

रविवारी एसटीनं धुळ्याला, देवपुरात,
चेतन बोरसे नावाच्या पोराकडं.
त्यानं कार्ड भाचीच्या स्वेटरात गुंडाळलेलं.
'गेमसाठेच लयेल व्हतं, दादा, रातदिन चालाडेल नही.'
माणूस खोटं बोलतो, बेअरिंग बोलत नाही.
पंखा बोटानं फिरवला, कानाशी धरला.
डिंपल माझ्या तोंडाकडं बघत होती,
दहावीच्या निकालाला बघितलं होतं तसं.
दहा हजारांत दे म्हटलं. साडेदहावर तुटलं.
बाकीचं जळगावला हरेशभाईंकडून;
त्यांनी पेस्टची पिचकारी फुकट दिली,
अन् मी त्यांच्या दुकानातला कुलर.
म्हणजे त्याचा खडखडाट बंद केला फक्त.

फरशीवर बसून जोडलं तिनंच.
मला हात लावू दिला नाही,
आधी नळाला हात लाव, मग इथं, म्हणे.
एक स्क्रू हरवला. अजून सापडला नाही.
मॉनिटरला पैसे उरले नव्हतेच,
काकाचा जुना टीव्ही लावला, डाव्या कोपऱ्यात हिरवट.

बटण दाबलं. काहीच नाही.
रॅम काढून परत बसवली. मग घरघर.

बाहेर सेहेचाळीस होतं त्या दिवशी.
अन् टीव्हीत बर्फ पडायला लागलं,
डोंगरभर, हळूहळू, कोपऱ्यात जरा हिरवं.
तिचा माणूस त्यातून चालत निघाला,
मागं पावलं उमटत होती.
आई पोळपाट घेऊन दारात उभी राहिली.
म्हणाली, अगं त्याला काही अंगावर घाल.

मी मागच्या जाळीपुढं तळवा धरला.
गरम हवा बाहेर येत होती, सरळ, न अडता.
पंखा किंचित वाजतोय, मी म्हटलं,
उद्या तेलाचा थेंब सोडू.
पप्पा, ह्यात तेल नसतं घालत.

बघू, म्हटलं.