दोन सूत

एस्पान्योलात, नदीकडच्या गल्लीत माझं गॅरेज.
लेसरचं यंत्र नाही. चार स्टँड,
गाडीच्या दोन्ही अंगांनी ताणलेली दोरी,
आणि बापाची पट्टी, जिचा पहिला इंच पुसलाय,
म्हणून मोजायचं दोनपासून.

डेल्फिनोची माँटे कार्लो इतकी खाली बसवलेली
की जॅक सरकवायला आधी तिला फळीवर चढवावं लागतं.
बाहेरून टायर नवे, नक्षी शाबूत.
आतून हात फिरवला:
उजवा गुळगुळीत, टकलासारखा,
डाव्याच्या तारा तळव्यात घुसल्या.

"कँबर," तो म्हणाला, जाणकारासारखा.
चाकं आत कललीत, ते आंधळ्यालाही दिसेल.
पण कलणं सावकाश खातं, पोरा.
खरा खादाड टो:
दोन्ही चाकांची तोंडं पुढे फाकलेली,
दोन सूत, जास्त नाही.
गाडी सरळच जाते,
फक्त प्रत्येक मैल थोडा आडवा घासतो.

"थोडी वर उचलू?"
त्यानं असं पाहिलं,
जणू मी त्याच्या आईचं वजन विचारलं.

मग टाय-रॉड फिरवत राहिले, पाव पाव फेरा,
दोरीचं नि रिमचं सूत जुळेपर्यंत.
डावा टायर टाकून दिला.
उजवा रिमवर उलटा चढवला, आतली कड बाहेर;
उन्हाळा निघेल.
"पण हे सगळ्यांना दिसणार," तो पुटपुटला.

रविवारी चर्चपाशी पाहिली ती गाडी.
उजवी कूस भिंतीला इतकी चिकटवलेली
की शेजारी बसलेली बहीण
त्याच्याच दारानं उतरली,
झगा सावरत, शिव्या देत.