एकेचाळीस

पारोळ्याला भुसार आडतीच्या माथ्यावर आमचा क्लास.
जिना शिडीसारखा. सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालू.
सर म्हणाले, डिक्शनरी करा :
इकडे की, तिकडे व्हॅल्यू, मध्ये दोन ठिपके.
मी अहिराणी घेतली, घरातलीच होती म्हणून.

आंडेर : मुलगी
आंडोर : मुलगा
याय : सूर्य
गोट : गोष्ट
बठ्ठं : सगळं

आणि खाली प्रश्न, बदल करायचा आहे का?

पाण्याचा जार घेऊन वर आला होता
खालचा तोलारी, सुपडू नाना.
करना शे, म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.
एका बोटाने. ज्वारीची भुकटी कीबोर्डच्या फटींत.
आंडेर : मुलगी. सासरी गेली तरी.
याय : सूर्य. हमालांचं घड्याळ.
मग नवे शब्द. र्‍ह कुठे सापडतो हे तीनदा विचारलं.
दिवे लागेपर्यंत माझ्या पाचाचे एकेचाळीस झाले.
शेवटचा त्याचा स्वतःचाच,
सुपडू : आधीची तीन गेली, म्हणून सुपात घालून वाचवलेला.

छान, म्हटलं मी,
आणि कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं.

दुसऱ्या दिवशी पाच.
मुलगी, मुलगा, सूर्य, गोष्ट, सगळं.
“काल लिखेल व्हतं ते कथं गयं?”
मेमरी, प्रोग्राम बंद, असं काहीतरी मी बोलत राहिले.
त्याने कानावरची पेन्सिल काढली,
परत कानावर ठेवली.
“पोतं तोललं का लगेच चिठ्ठी.
संध्याकाळले आठवी आठवी कोन लिखस?”

मी फाईल उघडायला शिकले, लिहायला, बंद करायला.
पहिल्या फाईलमध्ये नुसती प्रश्नचिन्हं आली,
ओळीच्या ओळी, जणू कॉम्प्युटरच आम्हाला विचारत होता.
सर म्हणाले, एन्कोडिंग सांग त्याला.
सांगितलं. मग देवनागरी उतरली.
आणि सेव्हची ओळ शेवटून उचलून आत घेतली,
प्रत्येक बदलाच्या लगेच खाली.
एक पोतं, एक चिठ्ठी.

गुरुवारी बाजार लवकर उठला, नाना आला.
सगळं पुन्हा भरलं, काही वेगळंच.
याय या वेळी नुसता सूर्य राहिला.
घड्याळ कुठे गेलं, मी विचारलं नाही.
चाळीस झाले तेव्हा बोट थांबलं.
“आते र्‍हास ना?”
राहील, म्हटलं. बंद करून दाखवलं, उघडून दाखवलं.
दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्याने स्वतः केलं,
आणि चाळीस मोजले, पोत्यांसारखे,
ओठ हलवत.

एकेचाळिसावा मला पाठ आहे.
मी घालू शकले असते,
घातला नाही.

त्याने र्‍हस्व उकार शोधायला मान वाकवली.
मी पंखा कमी करायला उठले.