रिसॉर्ट फाटा

हिंगण्याच्या पुढं बस मोकळी होत जाते
आणि कंडक्टर मान न वळवता ओरडतो,
'रिसॉर्ट! रिसॉर्टवाले पुढं या!'
आम्ही अकरा जण उठतो.
कोणाच्या हातात डबा, कोणाच्या कंपनीचं हेल्मेट,
कुंदाच्या पिशवीत बर्डीवर
भाव पाडून घेतलेली मेथी.
उतरतो.
समोर रिसॉर्ट नाही.

कमान आहे. तिच्यावरचं 'लेक' शाबूत,
'व्ह्यू'चा फक्त ऊकार उरलाय,
तुटल्या शेपटीसारखा.
गावाचं नाव टेंभरझरी.
सातबाऱ्यावर तेच, आधारवर तेच,
तिकिटावर मात्र अजून रिसॉर्ट, अठ्ठावीस रुपये.

पायडलच्या बारा बोटी होत्या.
बाबा काठावर, गळ्यात शिट्टी, हातात पत्र्याचा कर्णा:
'सात नंबर, वेळ सरला, वापस या!'
सात नंबरात हमखास नवीन लग्न झालेले,
त्यांना ऐकू यायचं नाही.
उशिराचे दहा रुपये बाबा घ्यायचा,
आणि खरं सांगायचं तर
उशीर व्हावा म्हणून कर्णा थोडा हळूच वाजवायचा.

हेडाऊंच्या कँटीनमधून तर्रीचा वास थेट पाण्यावर.
आम्ही पोरी पळसाच्या द्रोणात उकडलेले शिंगाडे विकायचो.
धरमपेठेतल्या एका बाईनं विचारलं होतं,
'तुम्ही इथं कायमच राहता? नशीबवान गं!'
माझी नखं शिंगाड्यांनी काळी पडलेली.
मी हो म्हटलं.
मग तिला एक द्रोण जास्तीचा विकला.

बंद कधी पडलं ते नेमकं कोणालाच सांगता येत नाही.
कोणी म्हणतं भागीदार भांडले,
कोणी म्हणतं आधी पाणी मागं सरलं, मग माणसं.
हेडाऊंनी कढया नेल्या.
बोटी ज्याच्या त्याच्या अंगणात आल्या:
चार नंबरमध्ये शेंद्र्यांच्या कोंबड्या,
नऊ नंबर उभी करून कोणीतरी न्हाणीला आडोसा केला,
आमच्याकडे दोन नंबर,
तिच्यात शिंगाडे भिजतात.

मी धंतोलीत लॅबमध्ये.
रक्ताच्या नळ्यांवर नंबर चिकटवते,
दिवसाला चारशे, कधी पाचशे.
नाव वाचायचं नाही, नंबर चुकवायचा नाही.
पहाटे रिक्षा, लोकमान्य नगरहून मेट्रो,
संध्याकाळी हेच उलटं, वर शेवटची बस.
शहर पूर्वी आमच्याकडे थकवा उतरवायला यायचं.
आता आम्हीच
शहराचा थकवा घेऊन रिसॉर्टला उतरतो.

बाबा फाट्यावर बसलेला असतो.
दगडावर पोतं, पोत्यावर बाबा.
सकाळी जाताना मोजतो, येताना मोजतो.
'बारा गेले, अकरा वापस.'
बारावा हेडाऊंचा नीलेश,
त्यानं वानाडोंगरीला खोली केली, दोन वर्षं झाली.
'सांगून नाही गेला नं थो,'
बाबा म्हणतो,
आणि त्याचा आकडा खोडत नाही.

परवा मशीन बिघडलं, बस चुकली.
टी-पॉइंटवरून ऑटोवाल्याशी भांडत आले.
डिसेंबरचं गार, मफलरमधून बाबाचं नाक तेवढं दिसत होतं.
'पाऊण तास वरतं झाला. दहा रुपये.'
'बाबा, मी आहे, सुलभा.'
'वयखलं. दहा रुपये.'

दिले.
त्यानं नोट दिव्याकडे धरून बघितली, खिशात घातली,
मग शिट्टी काढली
आणि हिंगण्याच्या दिशेनं, रिकाम्या रस्त्यावर,
'बारा नंबर, वेळ सरला!'

मागं तलावात काहीतरी डुबुक वाजलं.
टिबुकली असेल.
ती कुठं वर येते म्हणून
आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो,
मग थंडी वाजायला लागली.